वर्गात कॅल्क्युलेटर काढताय? या चुका टाळा

कापसाचा काटा झाला, 7 क्विंटल 5 किलो. भाव धरा 7000 रुपये. आठवीची पोरं 7.5 गुणिले 7000 मारतात आणि 52,500 सांगून मोकळी होतात. खरा चुकारा निघतो 49,350. क्विंटलमध्ये 5 किलो म्हणजे 0.05, म्हणून 7.05 टाकायला हवं होतं. वर्गातली सगळ्यात महागडी चूक हीच, आणि यंत्राचा तिच्यात काडीचाही दोष नाही.

सातबारावर 1 हेक्टर 5 आर हे 1.05 असंच लिहिलेलं असतं. ते पोरांना दाखवा, लगेच पटतं. एकर-गुंठ्यांत मात्र तीच युक्ती अंगलट येते. एकरात गुंठे 40, त्यामुळे 2 एकर 20 गुंठे म्हणजे 2.20 नव्हे, 2.5. मोटार 2 तास 30 मिनिटं चालली, तिथेही 2.5 च. बटणाला हात लावायच्या आधी प्रत्येकाकडून तोंडी वदवून घ्या: मोठ्या मापात लहान मापं किती? आणि उत्तर अंदाजे केवढं येईल? 7 क्विंटलचे 49 हजार होतात हे आधी फळ्यावर लिहिलं असेल, तर 52,500 पाहून कोणीतरी थबकतंच.

मग 2 + 3 × 4. "सर, माह्यावर वीस येऊन रायले!" शेजारच्या मोबाईलवर 14. दोन्ही यंत्रं धड आहेत. साधा कॅल्क्युलेटर दाबलं त्या क्रमाने करत जातो. मोबाईल आणि सायंटिफिकवाला गुणाकार आधी करतो. साध्यावर 3 × 4 + 2 असं मारा. कोपऱ्यात बारीक 'एम' दिसत असेल, तर आधीच्या गणिताचा आकडा मेमरीत अडकलाय. 'एमआरसी' बहुतेक यंत्रांवर दोनदा दाबलं की जातो.

किराणा दुकानातून मागून आणलेल्या मोठ्या कॅल्क्युलेटरवर 125 + 250 चे 3.75 आले, तर दुरुस्तीला नेऊ नका. वरची सरकपट्टी 'ए' वर आहे, म्हणजे तो शेवटचे दोन अंक पैसे समजतोय. पट्टी 'एफ' वर सरकवा.

दहावीत साइन 30 चं उत्तर 0.5 ऐवजी उणे 0.988 आलं? यंत्र रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या मापावर आहे, डिग्रीवर घ्या.

त्रिज्या 7 असलेल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ 22/7 धरून 154 येतं, पायच्या बटणाने 153.94. इथे गुण कापणं मला तरी अन्यायाचं वाटतं. कोणती किंमत घ्यायची ते गणितातच सांगून टाका.

लाईन गेली, खोलीत अंधारलं आणि आकडे फिके पडले, तर सेल संपलाय. फक्त सोलरवर चाललंय. व्हरांड्यात बसवा.

राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही. म्हणून दिवाळीनंतर दहावीच्या वर्गात तो फक्त उत्तर पडताळायला काढावा, तेही हाताने गणित सोडवून झाल्यावर.