जुना डेस्कटॉप विकायचा की अजून चालवायचा, हे ठरवायचं कसं

घरातला सात-आठ वर्षांचा डेस्कटॉप रडतखडत चालायला लागला की सगळेच सांगतात, विकून टाक नि नवीन घे. पण आधी तो कशामुळे स्लो झालाय ते तर बघा, कारण बऱ्याचदा मशीन ठणठणीत असतं आणि जुनी हार्डडिस्क तेवढी त्याला मागे खेचत असते.

तुमचं रोजचं काम चालू ठेवा, म्हणजे क्रोमचे दहा टॅब, एक्सेल, टॅली जे काय असेल ते, आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा. डिस्क 100 टक्क्यांवर अडकलीय आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, 15-20 वर निवांत बसलाय? मग प्रोसेसरचा काही दोष नाही, हार्डडिस्कच्या जागी एक साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिप्सची डिस्क टाका. फिरणारी हार्डडिस्क सेकंदाला जेमतेम 100-150 एमबी वाचते, साटा एसएसडी 500 च्या आसपास, आणि विंडोज चालू होताना ज्या हजारो बारक्या फायली वाचते त्यात तर फरक याच्या कितीतरी पट. मेमरी 90 टक्क्यांच्या वर असेल तर रॅम, म्हणजे तीच मेमरी, वाढवा. साध्या कामालासुद्धा सीपीयूच सतत 100 ला टेकत असेल आणि व्हायरस वगैरे नाही हे तपासून झालंय, तर मात्र विकायचं मनावर घ्या.

दुसरी गोष्ट विंडोजची. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (पीसीतली सुरक्षेची सोय) लागतो, शिवाय प्रोसेसर साधारण इंटेल आठव्या जनरेशनचा किंवा एएमडी रायझन 2000 सिरीजचा तरी हवा. इंटेलची जनरेशन नावातच असते, आय5-7400 म्हणजे सातवी, 8400 म्हणजे आठवी, 10400 म्हणजे दहावी. आठवी किंवा पुढची असून टीपीएम नाही असं दाखवत असेल तर लगेच नवीन घ्यायला धावू नका, बऱ्याच मदरबोर्डांवर (पीसीतला मुख्य बोर्ड) तो बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद असतो, इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने, तो चालू केला की झालं. सातवी किंवा आधीची असेल आणि त्याच पीसीवर बँकेची, जीएसटीची कामं होत असतील, तर माझ्या मते विकून नवीन घ्यायची वेळ आलीय. फक्त सिनेमे बघायचे, टायपिंग करायचं, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकून तो आरामात चालेल.

आता खर्च किती करायचा? बोर्डावर डीडीआर3, म्हणजे जुन्या पिढीची, रॅम असेल तर त्यात आणखी रॅम घालत बसू नका, ती रॅम नवीन बोर्डात बसत नाही, पैसे तिथेच अडकतात. एसएसडीचं तसं नाही, ती काढून पुढच्या पीसीत लावता येते. एएम4 (एएमडी रायझनचा सॉकेट) बोर्डवाले नशीबवान, बऱ्याच जुन्या बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन 5000 बसतो, कंपनीच्या साइटवरची सपोर्ट लिस्ट तेवढी बघून घ्या.

विकायचं ठरलं तर चालू आहे तोवरच विका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. घेणारा समोर चालू करून बघतो आणि मगच पैसे काढतो. पण एकदा मदरबोर्ड गेला की उरलेल्या पार्ट्सचा भाव दुकानदार ठरवतो, मग तुम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा नाहीतर गावातल्या दुकानात. ओएलएक्सवर त्याच जनरेशनचे पीसी कितीला लावलेत ते बघा, पण ते मागितलेले भाव असतात, मिळतात त्याहून कमीच. ग्राफिक्स कार्ड बरं असेल तर वेगळं विका, मॉनिटर चांगला असेल तर ठेवून घ्या, नव्या पीसीचा तेवढा खर्च वाचतो.

नवीन मशीन आधी आणा, डेटा तिकडे नेऊन उघडतोय ना ते बघा, टॅलीचा बॅकअप आणि फोटो तर नक्कीच, आणि मगच जुनं रिकामं करा. नुसतं फॉरमॅट मारून देऊ नका, क्विक फॉरमॅटनंतर फायली परत काढता येतात. रिसेट धिस पीसीमध्ये रिमूव्ह एव्हरीथिंग निवडून पुढे क्लीन डेटा चालू करा, किंवा सरळ डिस्क काढून ठेवा आणि डिस्कशिवाय विका, भाव थोडा कमी येईल पण घोर नाही. आणि ऑनलाइन गिऱ्हाईक 'पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करा' म्हणालं तर तिथेच फोन ठेवा, पैसे घ्यायला ना स्कॅन लागतं ना यूपीआय पिन.