जुन्या बाईकचे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल घरी बदलताना

लिव्हर मऊ लागतोय, दाबला की पार हँडलपर्यंत येतोय, तर नुसते पॅड बदलून भागत नाही, ऑइलपण बदलायला झालंय असं समजा. आपण ऑइल म्हणतो पण ते तेल नाहीच, ग्लायकॉलचं असतं आणि हवेतली ओल शोषत राहतं. नवीन डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) किमान २३० अंशांना उकळतं, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हाच आकडा १५५ वर येऊ शकतो, मग लांब उतारावर सारखा ब्रेक धरला की आत वाफ होते आणि ऐन वेळी लिव्हर मोकळाच आत जातो. म्हणून साधारण २ वर्षांनी बदलाच. कुठलं टाकायचं ते हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३, ४ मध्ये अजिबात मिसळू नका, ५.१ मात्र ग्लायकॉलचंच आहे. बाटली सीलबंदच घ्या, अर्धी उरलेली जुनी नको.

सगळ्यात आधी कॅलिपरवरचं (म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावरचं) ब्लीडर निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, सुटतंय का बघा, जुन्या गाडीत ते हमखास गंजलेलं असतं. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा आणि रिंग पानाच लावा, उघड्या पान्याने कडा गोल होतात. नाहीच सुटलं तर जोर करू नका, आत तुटलं तर कॅलिपरच बदलायची वेळ येते.

पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाका, हे ऑइल रंग खातं, सांडलं की लगेच पाण्याने धुवायचं.

आता कॅलिपर काढा, पिन ओढून जुने पॅड काढा, आणि पॅड बाहेर असताना लिव्हरला हात लावू नका, पॅड ढकलणारा पिस्टन बाहेर पडेल. इथे बरेच जण घाई करतात आणि तसाच मळका पिस्टन आत ढकलतात, ती घाण सीलवर घासते आणि गळती सुरू होऊ शकते. जुना टूथब्रश आणि ब्रेक क्लीनर घेऊन पिस्टन चकाचक करा, मगच ढकला. ढकलताना निपलला नळी लावून ते थोडं उघडं ठेवा म्हणजे काळं ऑइल वर डबीत न जाता खालूनच बाहेर येतं, पिस्टन आत बसला की निपल लगेच बंद. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस नको, रबर फुगतं. नवीन पॅडला आणि डिस्कला तेलकट हात लागू देऊ नका. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, तीपण मोजून घ्या.

पॅड बसवून कॅलिपर घट्ट केला की ऑइल बदला. पारदर्शक नळीचं एक टोक निपलला, दुसरं बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा उघडा, बंद करा, मग लिव्हर सोडा, याच क्रमाने, नाहीतर हवा आत ओढली जाते. डबी कधीच रिकामी होऊ देऊ नका. जुन्या गाडीत लिव्हरच्या मागे लाकडाचा तुकडा ठेवा म्हणजे तो पूर्ण आत जाणार नाही, कारण मास्टर सिलिंडरचा (लिव्हर दाबला की ऑइल ढकलणारी हँडलवरची नळी) रोज न वापरला जाणारा भाग आतून खडबडीत झालेला असतो आणि सील तिथवर गेलं की फाटतं. स्वच्छ ऑइल येऊन बुडबुडे थांबेपर्यंत करत राहा. तरी मऊ लागला तर लिव्हर दाबून बांधून रात्रभर ठेवा, बारीक हवा बऱ्याचदा वर येऊन निघून जाते.

गाडी हलवायच्या आधी लिव्हर घट्ट होईपर्यंत पंप करा, हे विसरलात तर पहिल्या दाबाला ब्रेक लागणारच नाही!! मग मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा हळूहळू वेग कमी करा, मध्ये थोडं अंतर सोडून, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसतात. दुसऱ्या दिवशी निपलभोवती आणि पाइपच्या जोडांवर पांढरा टिश्यू फिरवा, ओला झाला तर गाडी बाहेर काढू नका, आधी गळती शोधा.