डीएनए रिपोर्टमधला 'डोपामिन जीन' कसा वाचायचा

रिपोर्टमध्ये टॅक१ए किंवा आरएस१८००४९७ (डीएनएमधल्या एकाच बदलाची ही दोन नावं) दिसलं की तिथे ए१ नावाचा प्रकार आहे का ते आधी बघा. ए१ वाल्यांच्या मेंदूत डी२ रिसेप्टर (मजा-बक्षिसाशी जोडलेलं रसायन डोपामिन पकडणारे रेणू) थोडे कमी असू शकतात, म्हणजे खाण्यातली मजा कमी पडते आणि हात परत डब्याकडे जातो असा अंदाज आहे (गंमत म्हणजे हा बदल डी२ रिसेप्टरच्या डीआरडी२ जीनमध्ये नाहीच, शेजारच्या एएनकेके१ जीनमध्ये आहे). २००८ सालच्या अमेरिकन अभ्यासात मुलींना स्कॅनरमध्ये झोपवून चॉकलेट मिल्कशेक पाजला, ज्यांच्या मेंदूचा प्रतिसाद थंड आणि वर ए१ पण, त्यांचं वजन पुढच्या वर्षभरात वाढायची शक्यता जास्त निघाली. नंतरचे निकाल मात्र एकसारखे आले नाहीत, त्यामुळे यावरून कोणी डाएट प्लॅन विकत असेल तर पैसे देऊ नका. वजनाचंच बघायचंय तर एफटीओ या वजनाशी जोडलेल्या जीनची ओळ शोधा, तिथे दोन्ही कॉपी (आईकडची आणि वडिलांकडची) रिस्कवाल्या असतील तर एकही रिस्कवाली नसलेल्यांपेक्षा मोठ्या माणसांत सरासरी ३ किलो जास्त वजन दिसलंय.