जत्रेतलं नाटक आणि जनमत कौलाची कात्रणं

माध्यमं आणि संस्कृतीचा अभ्यास सुरू केला तेव्हा पहिलं सत्र मी व्याख्या पाठ करण्यातच घालवलं. सांस्कृतिक अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेला मुद्दा परीक्षेत धडाधड लिहिता यायचा: मजकूर घडवणारा त्यात एक अर्थ भरतो, वाचणारा तो मान्य करतो, थोडा स्वतःकडे वळवून घेतो किंवा साफ उलटा लावतो. मला तो खऱ्या अर्थाने उमगला गोव्यात, फोंड्याजवळच्या आमच्या गावच्या जत्रेत.

देवळासमोर रात्री मराठी ऐतिहासिक नाटक होतं. रंगवलेला राजवाड्याचा पडदा, पेटी-तबला, आणि दरबारात सकाळी दूध घालणारा आमचाच शेजारी. माझ्या बाजूला मावशी. घरात ती कोकणीशिवाय बोलत नाही, पण नाटकातली लांबलचक मराठी वाक्यं नटाच्या आधी पुटपुटत होती. ‘ही भाषा आपली का गं?’ मी विचारलं. ‘आमचेंच न्हय तें!’, आपलीच की ती, म्हणत तिने मला गप्प केलं. भाषा म्हणजेच ओळख, हे वर्गातलं समीकरण मावशीला लागू पडेना.

मग जनमत कौलाच्या काळातली कात्रणं वाचायला घेतली. १६ जानेवारी १९६७ ला गोव्याच्या भवितव्यावर हे मतदान झालं; महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी ‘फूल’ आणि संघप्रदेश राहण्यासाठी ‘दोन पानं’ अशी चिन्हं होती. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ मतं पडली, बाजूने १,३८,१७०. मराठीत लिहितो तो विलीनीकरणवादीच, असं मी धरून चालले होते. ‘राष्ट्रमत’ हे दैनिक तर मराठीतूनच विलीनीकरणाविरुद्ध हिरिरीने लढत होतं! अक्षरं मराठी आणि हाक गोंयकारपणाची, गोवेकर म्हणून असलेल्या ओळखीची. त्या दिवशी माझा प्रबंधाचा आराखडा मी फाडून नव्याने लिहिला.

नव्याने येणाऱ्यांनी सिद्धांताच्या जाड ग्रंथांपासून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे. घराजवळचा एकच मजकूर घ्या. मी पर्यटनाची जाहिरात घेतली: समुद्र, माड, आरामखुर्ची. त्यात काय आहे ते लिहायला दहा मिनिटं लागली, काय नाही ते लिहायला आठवडा. सत्तरी तालुक्यातलं रान नाही, खाणीची लाल माती नाही, शिगम्याचे ढोल नाहीत. नंतर तीच जाहिरात माणसांना दाखवा आणि ती जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत टिपा, सुधारू नका.

मावशीने चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘हांगा रावता कोण?’ इथे राहतं कोण? प्रबंधाचं पहिलं प्रकरण मी त्या प्रश्नाने सुरू केलं.