जूनआधीची तयारी : परप्रांतातून आलेल्या मुलांचा शाळाप्रवेश

पुण्यातल्या वाघोली, उंड्री, बालेवाडीकडच्या एखाद्या बांधकामावर किंवा सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीत शाळेबाहेरचं मूल दिसलं आणि त्याला शाळेत घालायचं तुम्ही मनावर घेतलंत, तर कागद गोळा करायच्या आधी कायदा डोक्यात पक्का करा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. त्यात ६ ते १४ वयाचं प्रत्येक मूल धरलं आहे. नागरिकत्वाची किंवा अधिवासाची अट नाही. म्हणजे कर्नाटकातल्या यादगीरच्या गवंड्याची मुलगी आणि नेपाळी वॉचमनचा मुलगा, दोघांचा हक्क सारखाच. कलम ५ म्हणतं, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. कलम ९ स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी थेट स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे महापालिका किंवा जिल्हा परिषदेवर टाकतं. वयाचा पुरावा नाही म्हणून नकार देता येत नाही, हे कलम १४. आणि वर्ष सुरू होऊन गेलं तरी प्रवेश द्यायचा, हे कलम १५. दिवाळीनंतर कामावर आलेल्या कुटुंबांना हे शेवटचं कलमच उपयोगी पडतं. ही चार कलमं एका पानावर मराठीत छापून पिशवीत ठेवा. मात्र शाळेत पाऊल टाकताच बाहेर काढू नका. पहिल्याच भेटीत मुख्याध्यापकांपुढे कायदा आपटला, तर त्याचा राग पुढे वर्षभर त्या मुलावर निघू शकतो.

शाळा कोणाची, हेही आधी बघून घ्या. हिंजवडीत जिल्हा परिषद, वाकडला पिंपरी-चिंचवड महापालिका, बाणेरला पुणे महापालिका. वाघोली २०२१ पासून पुणे महापालिकेत आली आहे. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला, तर टोलवाटोलवीतच महिना जातो.

माध्यमावर पालकांशी निवांत बोला. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, इंग्रजी आणि थोड्या कन्नडही आहेत. बिहार-छत्तीसगडकडचे पालक बहुधा इंग्रजी मागतात, आणि त्यात गैर काही नाही. पण आई-बाप दोघंही सकाळी आठला कामावर चढत असतील, तर मुलाला सोडायला-आणायला कोण, हा प्रश्न माध्यमाच्या आधी सोडवा. माझं मत विचाराल तर धाकट्यांसाठी हायवे ओलांडावा न लागणारी शाळा आधी बघावी, माध्यम नंतर.

आता कागद. जन्मदाखला असेल तर उत्तमच. नसेल तर दवाखान्यातली किंवा अंगणवाडीतली नोंद, आणि तीही नसेल तर पालकांनी स्वतः लिहून दिलेलं वयाचं घोषणापत्र. ते भरताना आईला शांतपणे विचारा : कोणता सण होता, पाऊस होता का, मोठ्या भावंडात किती अंतर. घाईत सरसकट १ जून टाकायची आपल्याकडची जुनी खोड आहे. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्याच दिवशी येतो, त्यात आणखी भर नको.

नावाकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्या फॉर्मला मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं हवं असतं. उत्तरेकडून आलेल्या पुष्कळ मुलांच्या आधारवर मधलं नावच नसतं, कुणाला नुसतं ‘कुमार’ किंवा ‘कुमारी’ असतं. कारकून सवयीने मध्ये बापाचं नाव घालतो आणि जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेशाची नोंदवही) व आधार जुळेनासं होतं. रजिस्टरवरचं नाव नंतर बदलून घेणं महाकठीण, तेव्हा नोंद होताना शेजारी उभे राहा.

आधारच नसेल तर? शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. तरी मुख्याध्यापक ते मागतात, कारण संचमान्यतेत, म्हणजे शाळेला शिक्षक मंजूर करताना, शिक्षकांची पदं आधार जुळलेल्या पटावर ठरतात. त्यांची ही अडचण खरी आहे. ‘आज प्रवेश द्या, आधार केंद्रावर आम्ही घेऊन जातो’ असं सांगा, आणि खरंच घेऊन जा. कुटुंबाच्या कागदांचे फोटो मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका.

नऊ वर्षांचं मूल कधीच शाळेत गेलं नसेल तरी त्याला पहिलीत बसवायचं नसतं. वयानुरूप वर्ग आणि सोबत विशेष प्रशिक्षण, असं कलम ४ सांगतं. प्रवेशासाठी परीक्षा घेता येत नाही. आईला सोबत न्या, पण तिचा खाडा एकदाच पडेल अशा बेताने. मुकादमाशी आदल्या दिवशी बोलून ठेवा.

नकार मिळालाच तर भांडू नका. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. तीन महिने म्हणजे सत्र संपत आलं, म्हणून त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या पालकाला गाठा. समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. ओळखीने पुष्कळदा काम होतं, आणि पुढे याच समितीवर कामगार वस्तीतली एखादी आई यावी म्हणून प्रयत्न करा.

बाप बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदलेला आहे का, तेही विचारा. नोंदलेल्याच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, हजेरी ७५ टक्के हवी.

प्रवेश झाला की यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरचा ‘पेन’ क्रमांक, म्हणजे पर्मनंट एज्युकेशन नंबर, शाळेकडून मागून घ्या आणि आईच्या फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा. ठेकेदार साइट बदलतो तेव्हा दाखला काढायला वेळ देत नाही. होळीला कुटुंब गावी निघायच्या आठवडाभर आधी वर्गशिक्षिकेला सांगा, शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला नव्या शाळेत दाखवायचं पत्रक) मिळत असेल तर घ्या, आणि नव्या ठिकाणच्या शाळेला हाच क्रमांक दाखवायचा हे मुलालाही शिकवून ठेवा.