गाडीचा ऑइल रिमाइंडर रिसेट कसा करावा, आणि कधी करू नये

ऑइल बदललं, फिल्टर बदलला, बिल दिलं, आणि शेंद्र्याच्या पुढे जातोय तोच मीटरवर पिवळा पाना पुन्हा हजर. साताऱ्यात बाहेरच्या गॅरेजमधून काम करून घेणाऱ्यांना हे नवीन नाही. मिस्त्री ऑइल चोख बदलतो, पण रिमाइंडर शून्यावर आणणं त्याच्या कामात धरलेलंच नसतं. ते आपलं आपण करायचं. पाच मिनिटं लागतात.

आधी दिवा कुठला लागलाय ते बघा. लाल रंगाची ऑइलची किटली म्हणजे रिमाइंडर नव्हे. इंजिनातला ऑइलचा दाब पडलाय असं ती सांगते. गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा. खंबाटकीच्या चढावर असलात तरी ‘वर पोचून बघू’ हा विचार करू नका, तेवढ्यात इंजिन बसतं. रिमाइंडर असतो पिवळा पाना, किंवा ‘सर्व्हिस ड्यू’, ‘ऑइल चेंज’ अशी ओळ. पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत हा रिमाइंडर म्हणजे साधा मोजणारा काटा आहे. १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. त्याला ऑइलशी काही देणंघेणं नाही. खरा ऑइल लाइफ मॉनिटर वेगळा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सने तो गाड्यांत आणला. इंजिन किती फेरे फिरलं, किती तापलं, थंड असताना किती वेळा सुरू झालं, यावरून तो उरलेलं आयुष्य काढतो. काही महागड्या युरोपियन गाड्या सोडल्या तर यात ऑइल तपासणारं काही नसतं. साखर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे उसाची नोंद घेणारा माणूस, बांधावर उभा राहून लागणीची तारीख आणि उसाची जात विचारतो आणि टनेज सांगतो, तसा हा अंदाज. वजनकाट्यावर काहीच चढलेलं नसतं.

अंदाज बहुतेक वेळा चांगला असतो, हे मी मान्य करतो. रोज पुण्याला जाणाऱ्या गाडीचं ऑइल सावकाश खराब होतं आणि पोवई नाका ते राजवाडा ते शाळा एवढंच फिरणाऱ्या गाडीचं लवकर, कारण ऑइल नीट तापायच्या आतच इंजिन बंद होतं. साध्या काट्याला हा फरक कळत नाही, मॉनिटरला कळतो. पण ऑइल कमी झालंय का, मिस्त्रीने भलत्याच ग्रेडचं ओतलंय का, गळीत हंगामात शेतरस्त्याची धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेलीय का, यातलं मॉनिटरला काहीही दिसत नाही. म्हणून ‘अजून ४० टक्के दाखवतंय’ म्हणत डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) न काढणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

तर डिपस्टिक काढा. गाडी सपाट जागी, इंजिन तापवून बंद केलेलं, पाच-दहा मिनिटं थांबून. पुसा, परत घाला, मग वाचा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, नवीन टाकल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. काळी पट्टी दाखवून घाबरवणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. घाबरायचं ते पातळी वाढली तर. बीएस६ डिझेल गाडीत डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जाळायला जादा डिझेल सोडलं जातं. गाडी सारखी गावातल्या गावातच फिरत असेल तर हे जाळणं अर्धवट राहतं आणि ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर मॉनिटर काहीही म्हणो, ऑइल बदला.

ऑइल आणि फिल्टर बदलून झालं, की मग रिसेट. गाडीच्या पुस्तकात त्याचं पान असतं, ते उघडून मांडीवर ठेवा.

आता इग्निशन. घोडं पेंड खातं ते इथेच, आणि याच पायरीवर मीही बरेच दिवस अडलो होतो. जवळपास सगळ्या पद्धतींत ‘इग्निशन ऑन, इंजिन बंद’ अशी स्थिती लागते. किल्लीच्या गाडीत सोपं आहे, सगळे दिवे पेटतात तिथे थांबायचं, पुढे स्टार्टरवर न्यायचं नाही. बटणाच्या गाडीत पाय ब्रेकवर किंवा क्लचवर असला की इंजिन सुरू होणार, म्हणून दोन्ही पाय मागे घ्या आणि मग बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत पहिल्या दाबाला फक्त रेडिओ लागतो आणि मीटर अंधारातच राहतो. त्या स्थितीत ट्रिपचं बटण (मीटरवरचं प्रवासाचं अंतर शून्यावर आणणारं, बऱ्याच गाड्यांत रिसेटही त्यानेच होतो) दिवसभर दाबलं तरी काही होत नाही. दुसऱ्यांदा दाबल्यावर मीटर पूर्ण उजळतो, ती खरी ‘ऑन’.

फोर्ड इकोस्पोर्टमध्ये तर ब्रेक हाच पद्धतीचा भाग आहे, त्यामुळे तिथे क्रम चुकवून चालत नाही. पाय न लावता इग्निशन ऑन करायचं आणि मगच ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही एकदम तळापर्यंत दाबून धरायचे. काही सेकंदांत रिसेट सुरू झाल्याचा संदेश येतो, साधारण २५ सेकंदांनी पूर्ण झाल्याचा. पहिला संदेश दिसला की लोक पाय काढतात. काढू नका.

टोयोटाच्या अनेक मॉडेलांत गाडी बंद करण्याआधी मीटरवर काय होतं यावर सगळं अवलंबून असतं. काहींत ट्रिप ए लागतं, जुन्या काहींत एकूण किलोमीटर. ते आणून गाडी बंद करा, ट्रिपचं बटण दाबून धरा, तसंच धरून इग्निशन ऑन करा आणि सगळी शून्यं दिसेपर्यंत सोडू नका. फोक्सवॅगन पोलोतही इग्निशन बंद असताना बटण दाबून धरून ऑन करायचं, पण मग ते सोडायचं आणि २० सेकंदांच्या आत पुस्तकात सांगितलेलं बटण दाबायचं. टोयोटावर शिकलेला माणूस पोलोत बोट दाबून बसतो आणि गाडीला शिव्या देतो. ‘कुठल्याही गाडीत बटण दहा सेकंद दाबा’ असा सल्ला व्हिडिओत दिसला, तर तो व्हिडिओ बंद करा.

शेव्हर्लेच्या काही गाड्यांत इग्निशन ऑन करून पाच सेकंदांच्या आत ॲक्सिलरेटर तीनदा तळापर्यंत दाबतात. शेव्हर्लेची विक्री आपल्याकडे २०१७ मध्ये बंद झाली, फोर्डने इथलं उत्पादन थांबवत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं. या गाड्या आता बऱ्याचदा बाहेरच्या मिस्त्रींकडेच असतात, म्हणून मालकाला हे येत असलेलं बरं.

ह्युंदाई, किया: स्टीअरिंगवरच्या बटणांनी सेटिंग्ज, सर्व्हिस इंटरव्हल, रिसेट. झालं.

बॅटरीची टर्मिनल काढून दिवा घालवायचा उपाय कुणी सांगेल. ऐकू नका. सर्व्हिसचा हिशेब सहसा बॅटरी काढल्याने पुसला जात नाही. घड्याळ मात्र जातं, काही गाड्यांत काचा आपोआप वर जायच्या थांबतात आणि काही रेडिओ कोड मागत बसतात.

मग इग्निशन बंद करा, गाडी नेहमीसारखी सुरू करा आणि पुढचं अंतर किती दाखवतंय ते वाचा. बदलाच्या दिवशीचं किलोमीटर मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

ऑइल न बदलता नुसता दिवा खुपतो म्हणून रिसेट करू नका, मॉनिटर जुन्या ऑइलला नवं समजून मोजायला लागतो. उलट, दिवा लागायच्या आधीच ऑइल बदललं असेल तर रिसेट आठवणीने करा, नाहीतर नव्या ऑइलवर जुनाच हिशेब चालू राहतो. जुनी गाडी घेतली असेल तर मॉनिटरवर ९० टक्के दिसले तरी विश्वास ठेवू नका. ते रिसेट विकणाऱ्याने कधी आणि कशासाठी केलं हे गाडी सांगत नाही. ऑइल बदला आणि मोजणी आपल्या हाताने सुरू करा.

दोन-तीनदा नीट करूनही दिवा गेला नाही, तर त्या मॉडेलला स्कॅनर लागतो. इंजिनचे कोड वाचणारा स्वस्तातला स्कॅनर इथे सहसा चालत नाही, त्यात सर्व्हिस रिसेटची सोय असावी लागते. ती गॅरेजमध्ये आहे का, हे ऑइल ओतायच्या आधी विचारून घ्या.