झोपेतला ईईजी: घरून काय तयारी करून निघायचं

माझ्या मुलीला ट्यूबरस स्क्लेरोसिस (टीएससी) आहे. टीएससी१ किंवा टीएससी२ या जनुकात दोष असला की मेंदूत गाठी होतात आणि बहुतेक मुलांना झटके येतात. सुमारे दोन-तृतीयांश मुलांत हा दोष नव्यानेच आलेला असतो, आईबापात नसतो. तेव्हा सुनेच्या माहेराला बोल लावू नका.

पाचव्या महिन्यात ती उठल्या उठल्या मान खाली घालायची, दोन्ही हात वर फेकायची, थांबायची, पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "पोर झोपमा दचकस, काही नही." गावातल्या डॉक्टरांनी गॅसचं औषध दिलं. पोटावरचे पानासारखे पांढरट डाग कोणी मनावर घेतले नाहीत. शेवटी मोबाईलवरच्या व्हिडिओनेच निदान झालं. म्हणून आधी व्हिडिओ घ्या: पांघरूण काढून, चेहरा आणि हातपाय दोन्ही दिसतील असा, झटक्यांची मालिका संपेपर्यंत.

आता ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरी टिपणारी तपासणी. आमचा पहिला वाया गेला. चोपड्याहून जळगावला निघताना सासूबाईंनी मायेने टाळू भरली होती. तेलकट डोक्यावर वायरी धरेनात. त्यात ती गाडीत मांडीवर गाढ झोपली आणि तिथे टक्क जागी. तेव्हापासून आदल्या रात्री शाम्पूने दोनदा डोकं धुते, तेल नाही. पहाटे किती वाजता उठवायचं ते लॅबवाल्यांनाच विचारते. वाटेत तिला झोपू न देणं हे माझ्या नवऱ्याचं काम. गाडी दुसरं कोणी चालवतं. दूध तिथे पोचल्यावर, वायरी लावून झाल्या की. तिची जुनी गोधडी सोबत असतेच. झटक्याची गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चुकवायची नाही.

त्या वीस-बावीस वायरींतून नुसते झटकेच कळत नाहीत. मेंदूचे कोणते भाग एकमेकांशी जुळवून चालतात, हेही त्या लहरींवरून मोजता येतं. या आजारात गाठींबरोबरच भाग जोडणाऱ्या तंतूंवरही परिणाम होतो. टीएससीसोबत स्वमग्नताही (ऑटिझम) असलेल्या मुलांत लांबच्या भागांच्या मानाने जवळच्या भागांचं जुळणं जास्त दिसल्याचं संशोधकांनी नोंदवलंय. मला ते केळीच्या बागेमुळे उमगलं. पाण्याची मेनलाइन दबली की मोटार चालू असूनही विहिरीजवळच्या ओळी चिंब आणि टोकाच्या कोरड्या. बोलणं, नजरेला नजर देणं यासाठी लांबचे भाग एकत्र यावे लागतात. म्हणून झटके थांबले तरी आम्ही स्पीच थेरपी सोडली नाही.

रिपोर्ट घेताना एवढं विचारा: झोप पुरेशी लागली का, लहरी कुठून बिघडतात, मागच्यापेक्षा काय बदललं. जुने सगळे रिपोर्ट तारखेवार एकाच फाइलमध्ये न्या. आणि वायरी चिकटवलेली पेस्ट कोरडी ओरबाडू नका, कोमट पाण्याने भिजवा, नाहीतर पुढच्या वेळी लेकरू डोक्याला हात लावू देत नाही.